आगाऊ ठिणगी

स्वतःचं विमान स्वतःच बांधणाऱ्या माणसाला ठिणगीची पेटी विकणं म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण देऊन घरी बोलावणं, असं डेल्मर क्लूग येईल त्याला ऐकवायचा. आणि तरीही पेट्या बनवायचा.

विस्कॉन्सिनमध्ये एल्म प्रेअरी गावाबाहेर मक्याच्या शेतांच्या मधोमध गवताची धावपट्टी आहे. तिच्या एका कडेला पत्र्याच्या हँगरांची रांग, आणि रांगेतल्या शेवटच्या हँगरात डेल्मरचं बाकडं. उभी हयात त्याने कागदाच्या गिरणीत मोटारी आणि पॅनेलं दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर लोक मासे मारतात, याने हे काढलं. हाताला यश होतं. पार टेक्सासपासून लोक फोन करून पेट्या मागवायचे आणि नंतर पुन्हा फोन करून डोकं खायचे.

तसं प्रकरण साधं आहे. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि ते पेटवायला दोन स्वतंत्र यंत्रणा. एकीने दगा दिला तर दुसरीने घरी आणावं. पूर्वी दोन्हीकडे मॅग्नेटोच असायचे, इंजिनाबरोबर फिरून बॅटरीशिवाय ठिणगी काढणारे. आता हौशी मंडळी त्यातला एक काढतात आणि त्याच्या भोकात डेल्मरची इलेक्ट्रॉनिक पेटी बसवतात. ठिणगी नेमकी कधी टाकायची ते पेटी ठरवते. पिस्टन माथ्यावर पोचायच्या जरा आधीच ती टाकावी लागते, नाहीतर जळायला उशीर होतो. किती आधी, एवढ्यावरच डेल्मरची भाकरी होती. त्यासाठी बसवतानाच पेटीला माथा दाखवून ठेवावा लागतो: पंखा हाताने फिरवत पिस्टन माथ्यावर आणला की तिच्यावरचा हिरवा दिवा नेमका तेव्हाच लागला पाहिजे, म्हणजे ती शून्यावर लागली.

तक्रारीही ठरलेल्या. "तुझी पेटी मेली." पेटी मरत नाही. ज्या बोल्टला अर्थिंगची वायर लावायची, त्या बोल्टखाली या महाभागांनी हौसेने लाल, नाहीतर पिवळा, नाहीतर पोपटी रंग फासलेला असतो. रंगातून वीज जाईल कशी? पण हे सांगितलं की गिऱ्हाईक दुखावतं, कारण रंग बायकोने पसंत केलेला असतो.

म्हणून रस पोल्झिन सकाळी सकाळी कॉफीचा मग घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा डेल्मरने मान वरही केली नाही. रस निवृत्त दंतवैद्य. चार हँगर पलीकडे त्याचं दोन माणसांचं छोटं विमान गेली कित्येक वर्षं तयार होत होतं आणि आता एकदाचं झालं होतं.

"डेल्मर, तुझी पेटी घाई करतेय."

"पेटीला कसली घाई? तिला काय चर्चला उशीर होतोय?"

"काल शून्यावर लावली. आज पंखा हाताने फिरवून बघतो, तर दिवा आधीच लागतो. बोटभर आधी."

"बुडाला रंग मारलायस ना?"

"नाही."

"थोडासा?"

रसने कॉफीचा घोट घेतला. "थोडासा."

"मग जा आणि खरवड. दातावरचं किटण काढायचास ना? तसंच."

रसने रंग खरवडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दिवा दोन बोटं आधी लागत होता. डेल्मरने पेटी काढून आणायला लावली, बाकड्यावरच्या मोटरीला जोडली, मंद फिरवली, जोरात फिरवली, वर गरम हवेचा झोत सोडला. पेटी शहाण्या मुलासारखी वागली. त्याने ती रसच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "दोष पेटीत नाही, डॉक्टर. दोष कुठेय ते सांगायला मला लाज वाटते."

तिसऱ्या खेपेला मात्र स्वतः जाणं भाग पडलं, कारण गोष्ट आता फक्त रसची नव्हती. रसने बरीच वर्षं विमान चालवलं नव्हतं आणि पहिल्या उड्डाणाला अशा माणसाने बसू नये एवढी अक्कल त्याला होती. त्याने डेल्मरच्या मुलीला विचारलं होतं. कोरिन. उन्हाळाभर ती शेतांवर औषध फवारायचं विमान चालवायची, विजेच्या तारांखालून जायची आणि संध्याकाळी घरी येऊन बापाला म्हणायची, "आज काही विशेष नाही." इथल्या लोकांची अशी तीन-चार नवी विमानं तिनेच पहिल्यांदा हवेत नेली होती. रसचं विमान शनिवारी न्यायचं ठरलं होतं. त्या दिवशी धावपट्टीवर पॅनकेकचा नाश्ता असतो, सगळं गाव जमतं आणि रसला सगळ्या गावासमोर मिरवायचं होतं.

म्हणजे डेल्मरची पेटी, रसचं इंजिन आणि वर डेल्मरची एकुलती एक मुलगी.

रसच्या हँगरात वाळलेल्या गवताचा आणि नव्या व्हार्निशचा वास भरलेला असे. आढ्याला पाकोळ्यांनी घरटी केली होती. विमान पांढरंशुभ्र, नाकावरचं झाकण काढलेलं. इथल्या रिवाजाप्रमाणे किल्ली काचेमागे सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली, म्हणजे इंजिन बंद आहे हे पंख्याजवळ जाणाऱ्याला लांबूनच कळावं. डेल्मरने वरचे प्लग काढले, पहिल्या सिलिंडरच्या भोकात सळई घातली, पंखा हाताने हळूहळू फिरवत पिस्टन बरोबर माथ्यावर आणला, पातं जिथे थांबलं तिथे खूण केली आणि पेटीचं अंग जराजरासं वळवत हिरवा दिवा लागेल तिथे आवळलं. शून्य. पंखा मागे नेऊन पुन्हा आणला. शून्य. असं त्याने इतक्यांदा केलं की रस जांभया द्यायला लागला.

"झालं समाधान?" डेल्मर म्हणाला.

"उद्या बोलू."

उद्या दिवा हातभर आधी लागला.

मग डेल्मरचं डोकं फिरलं. त्याने पेटी बदलली. बदललेली पेटी नवी कोरी, त्याच आठवड्यात बनवलेली. वायरी बदलल्या. सेन्सरचं चुंबक बदललं. रसच्या तोंडावर म्हणाला, की रात्री कुणीतरी इथे हात मारतंय आणि त्या कुणाचं तरी दंतवैद्यकाचं शिक्षण झालेलं आहे. रस दुखावला, त्याने हँगरला स्वतःच्या हाताने नवं कुलूप घातलं आणि किल्ली डेल्मरच्या टेबलावर आपटली. सकाळी डेल्मरने कुलूप उघडलं, आत गेला आणि पंख्याकडे हात नेला.

दिवा लागला.

हात अजून पात्याला लागला नव्हता. मग त्याने पातं धरलं, फिरवलं, ते खूण ओलांडून पलीकडे गेलं. दिवा लागला नाही. त्याचं लागणं आधीच उरकलं होतं.

स्थिर वीज, डेल्मर मनाशी म्हणाला. शर्ट नायलॉनचा आहे. त्याने शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि उघड्या अंगाने पुन्हा हात पुढे केला. दिवा लागला. मग तो इरेला पेटला. फिरवायचं असं मनाशी ठरवून हात पुढे नेला आणि ऐनवेळी मागे घेतला. दिवा लागला नाही. पुन्हा तसंच केलं. नाही लागला. मग फिरवायचं नाही असं ठरवून हात नुसता पात्यावर ठेवला. दिवा लागला. डेल्मर समाधानाने हसला, म्हणजे याला फसवता येतं. आणि हसता हसता तो जरा वाकला, तेव्हा त्याच्या अंगाच्या भाराने पातं खाली गेलं आणि खूण ओलांडली.

तो बराच वेळ हुलकावण्या देत राहिला. दिवा एकदाही फसला नाही. जे फिरणं होणार होतं त्यालाच तो लागे. जे होणार नव्हतं त्याला, मनात कितीही आणा, लागत नसे.

दहाच्या सुमारास रस आला. तो डेल्मरच्या उघड्या पोटाकडे बघत राहिला.

"काही विचारू नकोस," डेल्मर म्हणाला.

"नाही विचारत." रस शिडी घेऊन वरच्या पाकोळीच्या घरट्याखाली पत्रा लावायला चढला, कारण पंखांवर घाण पडत होती.

डेल्मर स्टुलावर बसून होता, हात मांडीवर. पंख्यापासून चांगला लांब. दिवा लागला.

"गप बस," डेल्मर दिव्याला म्हणाला.

"मी काही बोललोच नाही," रस शिडीवरून म्हणाला, त्याचा पाय घसरला, तो खाली आला आणि येता येता हाताला आलं ते धरलं. पंख्याचं पातं. पंखा अर्धा गरगरला, खूण ओलांडून थांबला. प्लग काढलेले होते म्हणून इंजिनाने नुसता उसासा सोडला.

"लागलं का?" डेल्मरने विचारलं. त्याची नजर पंख्यावरच होती.

"कोपराला. तू असा का बघतोयस?"

डेल्मरने शर्ट घातला आणि घरी गेला. वैतागणं त्याला सवयीचं होतं. पण वैताग काढायला समोर कुणीतरी मूर्ख माणूस लागतो आणि इथे तसा कुणीच नव्हता. याचाच त्याला जास्त संताप आला.

त्या संध्याकाळी कोरिनने प्लग लावून इंजिन चालवून बघितलं. विमान दोरांनी बांधलेलं, चाकांपुढे ठोकळे. तिने बाहेर डोकं काढून आरोळी दिली, "पंख्यापासून लांब!" आणि किल्ली फिरवली. डेल्मर कान टवकारून उभा होता. ठिणगी एवढी आधी पडत असेल तर इंजिनाने खोकायला हवं, ठोके मारायला हवेत, पंखा उलटा झटका देईल. इंजिन लोण्यासारखं चाललं. आयुष्यात असं इंजिन त्याने ऐकलं नव्हतं.

"डॅड!" कोरिन इंजिन बंद करून उतरली. तेलाचा एक ठिपका तिच्या गालावर होता. "हे तू बनवलंस? आणि आम्हाला फवारणीच्या विमानात अजून ते खटारा मॅग्नेटो!"

"शनिवारी उडू नकोस."

"का?"

"अजून जरा बघतो."

"काय बघतोस?"

"बघतो म्हटलं ना."

"तुझं नेहमीचंच. मी काही करायच्या आधीच तू ओरडतोस," ती हसत म्हणाली. "लहानपणी मी सायकलवर बसले पण नव्हते, तेव्हा तू 'पडलीस ना!' म्हणाला होतास."

रस खो खो हसला. डेल्मर हसला नाही.

शुक्रवारी दुपारी तो एकटाच रसच्या हँगरात गेला. बाहेर ऊन रखरखत होतं, दूर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. त्याने आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या. मग बॅटरीच उचलून बाहेर उंबऱ्याशी नेऊन ठेवली. आता या विमानात वीज नावाची चीज नव्हती. मग थर्मासमधून कॉफी ओतली आणि स्टुलावर बसला. खरं तर काय बघायला बसलाय हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

कॉफी अर्धी झाली तेव्हा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

मग तो भराभर लुकलुकू लागला, तुटकपणे, आणि लगेच लयीत. डेल्मरने पंख्याकडे पाहिलं. पंखा जागच्या जागी होता. एका पात्यावर माशी बसली होती.

इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा दिवा असाच लुकलुकतो. नंतर ते तापेपर्यंत हळू चालतं. दिवाही हळू झाला. बराच वेळ तसाच. मग वेग वाढला. मग दिवा क्षणभर बंद. उड्डाणाआधी वैमानिक एकेक यंत्रणा बंद करून दुसरी तपासतो, ते हे. दिवा पुन्हा लागला. डेल्मरला प्रत्येक गोष्ट ओळखू येत होती. त्याच्याच पेटीची भाषा होती ती.

मग वेग एवढा वाढला की दिवा सलग लागल्यासारखा दिसू लागला, फक्त कडेला किंचित थरथर. पूर्ण ताकद. धावपट्टी. वर चढणं. डेल्मरच्या हातातली कॉफी निवली. नंतर ती थरथर किंचित सैल झाली. उंची गाठली की वैमानिक ताकद जराशी कमी करतो, तशी.

आणि दिवा गेला.

इंजिन बंद करताना तो असा जात नाही. आधी वेग उतरतो, मग लुकलुक, मग थांबतो. हा भर वेगात गेला, पंखाच एका झटक्यात थांबावा तसा. डेल्मर अंधार पडेपर्यंत बसला असता, पण मागे पावलं वाजली.

"बॅटरी बाहेर का ठेवलीस?" कोरिनने विचारलं.

तो उठला. "उद्या हे उडणार नाही."

"पुन्हा तेच. डॅड, तिथे सगळं गाव येणार आहे. रस कालपासून जेवलेला नाही आनंदाने. तू एक दोष दाखव. एकच. मी विमानाला हातसुद्धा लावणार नाही."

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की न फिरणाऱ्या पंख्याचा, वीज नसलेला दिवा मला तुझं मरण दाखवून गेला? जो माणूस उभ्या जन्मात 'मोजून दाखव' याशिवाय दुसरं काही बोलला नाही, त्याने आपल्या मुलीला हे सांगायचं? त्याची जीभ वळेना. डेल्मर क्लूगने ताकाला जाऊन भांडं लपवलं.

"पेटीतली कॉइल तापतेय," तो म्हणाला.

"किती?"

"चटका बसला. वर गेल्यावर कधीही तुटेल."

कॉइल तापणं ही खरी गोष्ट असते, तिला नाव असतं, आकडा असतो. "ठीक आहे," कोरिन म्हणाली. "मग पेटी काढ. रसकडे जुना मॅग्नेटो आहे. दोन्हीकडे मॅग्नेटो लावून उडते."

खरं म्हणजे त्याला हायसंच वाटलं. पेटी नाही तर काही नाही. दोघांनी मिळून पेटी उतरवली, मॅग्नेटो बसवला. ती पाने देत होती, तो आवळत होता. रस एका बाजूला पडेल चेहऱ्याने उभा होता. पेटी डेल्मरने फडक्यात गुंडाळून आपल्या बाकड्यावर नेऊन टाकली आणि त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला.

शनिवारी सकाळी आर्डिसने त्याला पॅनकेकच्या तव्यावर उभा केला. आर्डिस म्हणजे या नाश्त्याची सर्वेसर्वा. तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. "तू नुसता नाक मुरडत फिरतोस," ती म्हणाली, "त्यापेक्षा उलथनं धर." डेल्मरने उलथनं धरलं. माणसांची रीघ लागली होती. पोरं, म्हातारे, दुधाच्या गोठ्यावरून तसेच आलेले शेतकरी, सॉसेजचा धूर, मेपलचा पाक टेबलाखाली सांडलेला आणि त्यावर गांधीलमाश्या. शेजारी जनरेटर धडधडत होता. कोरिन मागून आली आणि तिने बापाच्या मानेवर ओठ टेकले. असं ती सहसा करत नसे.

"माझे तीन बाजूला ठेव. खाली आले की खाते."

"कडेचे करपलेत."

"तेच ठेव."

तो हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

जनरेटरच्या आवाजात त्याला विमान सुरू झालेलं ऐकूच आलं नाही. गर्दीतून पांढरं शेपूट गवतावरून पलीकडच्या टोकाला जाताना दिसलं, एवढंच. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रस कडक इस्त्रीचा शर्ट घालून तव्याजवळ येऊन उभा राहिला, हात चोळत. मग जनरेटरमधलं तेल संपलं आणि तो बंद पडला आणि त्या शांततेत धावपट्टीच्या टोकाकडून इंजिनाचा आवाज स्वच्छ आला.

कोरिन तपासणी करत होती. एक बाजू बंद केली. आवाज किंचित खाली पडला, जसा पडायला हवा. पुन्हा दोन्ही चालू. मग दुसरी बाजू बंद केली.

आवाज पडला नाही.

एकट्या मॅग्नेटोवर इंजिन चाललं की आवाज पडतोच. दोन्हीकडे मॅग्नेटो असले तर दोन्ही वेळा पडतो. एकट्यावर चालूनही आवाज पडू न देणारं या जगात एकच यंत्र डेल्मरला माहीत होतं.

त्याने रसकडे पाहिलं. रसच्या चेहऱ्यावर हसू होतं, वाढदिवसाचा केक लपवलेल्या माणसाचं.

"काय केलंत?" डेल्मर म्हणाला.

"अरे, उतरल्यावर तीच सांगणार होती—"

"रस."

"पहाटे आली तुझ्या बाकड्यावरून पेटी घेऊन. कॉइलला बॅटरी जोडून, तापमापक लावून तासभर बसली. थंडगार, डेल्मर! मीही हात लावून बघितला. मग तिनेच बसवली." रसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणाली, डॅडला स्वतःच्या हातांचीच भीती वाटायला लागलीय. सगळ्या गावासमोर दाखवते त्याला, काय बनवलंय त्याने ते."

टोकाकडून पूर्ण ताकदीचा आवाज आला. विमान गवतावरून धावत निघालं होतं.

डेल्मर उलथनं हातात तसंच घेऊन पळाला. दोन्ही हात वर करून ओरडत पळाला. पांढरं विमान समोरून गेलं आणि त्यातून कोरिनने त्याला हात केला. चाकांनी गवत सोडलं. लोकांनी जल्लोष केला.

आर्डिसच्या टेबलावर हातातला रेडिओ होता. डेल्मरने तो खेचून घेतला. बटण दाबायला अंगठा सापडेना.

"ऐकतेय, डॅड," रेडिओतून कोरिनचा आवाज आला. "कॉइल थंड आहे. मी मोजलीय."

त्याने अजून बटण दाबलं नव्हतं.

"नाही उतरत इतक्यात. छान चाललंय. ऐक तरी." थोडी खरखर. मग तिचा आवाज बदलला. "डॅड? रडतोयस का तू?"

तेव्हा त्याला बटण सापडलं. "कोरिन," तो म्हणाला, "कॉइलचं खोटं होतं. ती तापलेली नाही. उतर, आत्ताच्या आत्ता खाली उतर." आणि बोलता बोलता त्याला रडू फुटलं.

उत्तर आलं नाही. ते येऊन गेलेलं होतं.

विमान मक्यावर वळून चढत होतं, उन्हात चमकत. आवाज किंचित सैल झाला. उंची गाठली होती. तिने ताकद जराशी कमी केली.

डेल्मरला वर बघवेना. तो लोकांकडे बघत राहिला.

पाकाचा जग धरलेली आर्डिस जागच्या जागी थांबली. एका शेतकऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. रांगेतल्या एका बाईने पोराचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं, आणि रस, ज्याचा हात अजून डेल्मरच्या दिशेने अर्धवट उचललेला होता, तो हळूच म्हणाला, "अरे देवा." सगळी माणसं वर बघत होती.

वर इंजिन अजून चालू होतं. एकसारखं, लोण्यासारखं.